मदत हवी आहे: कॉलेजची परसबाग, खारं पाणी आणि मे महिना (सांगली)

नमस्कार. मी सांगलीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहामागे आमची, म्हणजे एनएसएसच्या पोरापोरींची, तीन गुंठ्यांची परसबाग आहे. भाजी विकत नाही. मंगळवारी जवळच्या अंगणवाडीत, शुक्रवारी एका वृद्धाश्रमात पोचवतो. परवा अंगणवाडीच्या मदतनीस मावशी म्हणाल्या, "मंगळवारी तुमचा पोकळा येतोय म्हणून मी बाजारातनं भाजी आणायचीच सोडलीया." बरं वाटलं, आणि पोटात गोळाही आला.

कारण बागेचं काही खरं नाही. जमीन काळी, पाणी बोअरचं आणि खारं. पाणी पाजलं की दोन दिवसांत वरंब्याच्या माथ्यावर पांढरी पापडी धरते. नखाने उचलून जिभेला लावली, चक्क खारट! घेवडा चार पानांवर असतानाच कडा करपून गेला. पालक मात्र मजेत आहे.

ओळखीचे एक शेतकरी काका म्हणतात, पाऊस लागला की धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरा आणि दीड महिन्याने, फुलावर आला की मातीत गाडा. पटतंय. पण जूनच्या मध्यात पेरला तर तो गाडून, कुजून, नवी भाजी हाताशी यायला सप्टेंबर उजाडेल. आणि त्याआधी मे आहेच. परीक्षा संपली की कोण जतला, कोण आटपाडीला. एनएसएसचे वर्षाचे १२० तास बहुतेकांचे भरलेत, सहीपुरते येणारे आधीच गळले. (राग नाही, पहिल्या वर्षी मीही त्यातलाच.) मेमध्ये इथे आम्ही तिघंच, त्यातला एक संध्याकाळी मेडिकलमध्ये कामाला.

तर, सगळी बाग धैंच्याखाली घालावी का? आणि आठवड्यातून दोनदा पाणी मिळालं तरी उन्हाळ्यात तगेल असं काय लावू? गवार चालेल? कृपया "ड्रिप बसवा" सांगू नका, पैसे बियाण्यापुरतेच आहेत.

प्रतिसाद: आधी माती आणि बोअरचं पाणी तपासून घ्या. मातीचा सामू (पीएच) साडेआठच्या वर असेल तरच जिप्समचा विचार करा, कुणी सांगितलं म्हणून टाकू नका. बी माथ्यावर टोकू नका, क्षार तिथंच चढतात. बगलेत टोका. घेवड्याचा नाद सोडा, गवार आणि बीट बरं येईल. वर उसाचं पाचट अंथरा, ओल टिकते आणि क्षारही कमी वर येतात. सांगलीत पाचटाला काय तोटा! धैंचा अर्ध्याच बागेत करा.

धागाकर्ता: पाचट डोक्यातच आलं नव्हतं. कुंपणापलीकडचा ऊस गेलाय, पाचट अजून पेटवलेलं नाही. उद्या सकाळीच मालकांना गाठतो. पण अर्धी बाग म्हणजे मंगळवार किंवा शुक्रवार, एक वार सोडावा लागणार. अंगणवाडीचा सोडवत नाही. वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना कसं सांगायचं, तेही कुणीतरी सुचवा.