परसातला पांढरा कंद: नाव फुलावरून ठरवावे की बोंडावरून?

परसदार
देवरूखजवळच्या आमच्या घराच्या परसात, विहिरीच्या कठड्यालगत, जूनमध्ये पहिले दोन-तीन जोरदार पाऊस झाले की एक कंद उगवतो. आधी दांडा वर येतो आणि मागोमाग वीत-दीड वीत लांबीची, पट्टीसारखी पाने. दांड्यावर तीन किंवा चार पांढरी फुले येतात. ती तिन्हीसांजेला उमलतात, रात्रभर मंद वास देतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मलूल होतात. सहा पाकळ्यांच्या मधोमध पातळ पांढऱ्या पडद्याची वाटी असते. सहाही पुंकेसर त्या वाटीच्या काठावरूनच निघतात आणि दर दोन पुंकेसरांच्या मध्ये काठाला एक दुभंगलेला दात दिसतो. दिवाळीनंतर जमिनीवर काहीच उरत नाही. हा कंद सासूबाईंच्याही आधीपासून इथे आहे. तो सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरून, आला की कोणाच्या बागेतून, हे सांगणारे आता घरात कोणी नाही. मोबाइलवरच्या अ‍ॅपने तीन फोटोंना तीन नावे दिली: स्पायडर लिली, नागदवणा आणि रेन लिली. फळ धरून बी हाती येईपर्यंत या झाडाला कोणतेच नाव देऊ नये, असे माझे मत आहे. तुम्हांला काय वाटते?

बागवान
मला हे पटत नाही. वाटीचे इतके स्पष्ट वर्णन केल्यावर शंकेला जागा उरत नाही. ही स्पायडर लिली, म्हणजे हायमेनोकॅलिस. त्या नावाचा ग्रीक अर्थच ‘सुंदर पडदा’ असा आहे. मूळची अमेरिका खंडातली असली तरी आपल्याकडच्या रोपवाटिकांत ती सर्रास मिळते आणि जुन्या घरांच्या कुंपणांना सापडते. बाग करणाऱ्याला ऊन किती, पाणी किती आणि कंद केव्हा विभागायचा एवढे कळले की पुरे. त्यासाठी बोंडाची वाट कशाला पाहायची?

सडेफिरा
वाटी हा हायमेनोकॅलिसचा पुरावा होत नाही, कारण पॅनक्रेशियम या आपल्याकडच्या जंगली कंदालाही तशीच वाटी असते. कोकणातल्या सड्यांवर पहिल्या पावसानंतर ही फुले मी अनेकदा पाहिली आहेत, आणि पुंकेसरांच्या मधला तो दुभंगलेला दात मला लगेच ओळखीचा वाटला. मात्र परसदार यांचा आग्रहही मला थोडा ताठर वाटतो. अ‍ॅपने दिलेली दोन नावे आजच खोडता येतात. नागदवण्याचे पुंकेसर सुटे असतात, त्याला वाटी नसतेच. रेन लिलीच्या पोकळ दांड्यावर एकच फूल येते, तुमच्या दांड्यावर तीन-चार आहेत. खरा प्रश्न उरतो तो दोनच नावांचा, आणि तिथे मात्र बी निर्णायक आहे: हायमेनोकॅलिसचे बी मोठे, हिरवे आणि मांसल असते, तर पॅनक्रेशियमचे काळे, कोरडे आणि कोनदार.

बागवान
दात फुलागणिक कमीजास्त दिसतात. पाने वाळून जातात म्हणून झाड सड्यावरचेच, असेही म्हणता येणार नाही, कारण हायमेनोकॅलिसच्या सगळ्याच जाती बारमाही हिरव्या नसतात. शिवाय परसात एकटाच कंद असेल तर फळ धरेलच याची खात्री कोण देणार? मग काय, वर्षानुवर्षे बिननावाचे झाड सांभाळायचे?

स्वयंपाकघर
मला या वादातली एक गोष्ट अस्वस्थ करते, म्हणून लिहिते. जून-जुलैत आमच्याकडे फोडशीची रानभाजी खुडायला मुले आणि बायका परसात, माळावर जातात. या कंदाची कोवळी पाने फोडशीच्या पात्यांत सहज मिसळली जातील अशी असतात. तुम्ही ज्या दोन नावांवर भांडत आहात ती एकाच कुळातली आहेत, आणि त्या कुळातल्या कंदांत लायकोरीन हे द्रव्य असते. ते पोटात गेले की उलट्या होतात. फोडशीच्या मुळाशी कांद्यासारखा गड्डा नसतो, जाड मुळ्या असतात. उपटून पाहिले तर फरक कळतो, पण खुडणारा माणूस उपटत नाही. तेव्हा प्रजाती कोणती हे सावकाश ठरवा, पण कुळाचे नाव आणि ‘खाऊ नये’ एवढी पाटी आजच लावा. नाव देऊच नये, ही भूमिका घरात लहान मुले असताना मला धोक्याची वाटते.

परसदार
तुमचे म्हणणे मी मान्य करते. पाटी सकाळीच लावली. बागवान यांच्या शंकेवरही एक उपाय सापडला. फुलाखाली जो लांब हिरवट देठ वाटतो तो देठ नसून फुलाचीच नळी आहे, आणि अंडाशय तिच्याही खाली, दांड्याच्या टोकाशी असतो. काल मलूल झालेले एक फूल मी तिथून काढले आणि अंडाशय ब्लेडने आडवा कापला. तीन कप्पे दिसले. दुसऱ्या फुलाचा उभा कापला तेव्हा भिंगाखाली दर कप्प्यात फिकट दाण्यांच्या, म्हणजे पुढे बी होणाऱ्या बीजांडांच्या, दोन दाट रांगा दिसल्या, मोजताना माझी नजर दोनदा चुकली. हायमेनोकॅलिसमध्ये हे दाणे मोजकेच असतात.

बागवान
इतके दाणे असतील तर हायमेनोकॅलिसचा आग्रह मी सोडतो. पण मग कोणते पॅनक्रेशियम? सड्यावरचा एक कंद आणून शेजारी लावा, म्हणजे ताडून पाहता येईल.

सडेफिरा
कृपा करून तसे करू नका. महाबळेश्वर परिसरातला क्रायनम ब्रॅकिनेमा हा रानकंद किती थोड्या जागी उरला आहे हे ज्यांनी पाहिले आहे, ते कुदळ घेऊन डोंगरावर जाण्याचा सल्ला देणार नाहीत. ताडून पाहण्यासाठी जपून ठेवलेले नमुने आहेत. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे ब्लॅटर हर्बेरियम त्यासाठीच आहे. पान, फूल आणि बोंड नीट दाबून वाळवा आणि फुलाची मापे ताजेपणीच लिहून ठेवा, कारण वाळल्यावर वाटी चुरगळते.

परसदार
कंद कुठूनही आणणार नाही. मापे आजच्या संध्याकाळच्या फुलावर घेईन. आधीच्या एका फुलाखालचा अंडाशय फुगू लागला आहे. त्याला मलमलीची सैल पुरचुंडी बांधली आहे, कारण बोंड तडकले तर बिया गवतात हरवतील.