फिग्मातून फ्लटरचा कोड काढला, मराठी मजकूर कापला जातोय

द्राक्षवेल: नमस्कार. फवारणीच्या नोंदी ठेवायचं अ‍ॅप फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून दोन्ही प्रकारच्या फोनचं अ‍ॅप बनवायचं साधन) करतोय, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी. डिझायन फिग्मात (स्क्रीन आखायचं साधन) 390 बाय 844 च्या फ्रेमवर आहे. फिग्माच्या प्लगइनने (जोड-प्रोग्रामने) कोड काढला, आयफोनवर हुबेहूब दिसतो. पण वडिलांच्या 360 रुंदीच्या अँड्रॉइडवर 'जतन करा' बटण उजवीकडून कापलं जातं, आणि कार्डाच्या शीर्षकातल्या वेलांट्या वरून गायब. आता प्रत्येक फोनसाठी आकडे बदलत बसायचं का?

रात्रपाळी: मीडियाक्वेरीने स्क्रीनची रुंदी घ्या, 390 ने भागा, सगळे आकडे त्याने गुणा. काम भागेल.

शिरोरेषा: कृपा करून असं गुणू नका. छोट्या फोनवर अक्षरंही बारीक होतील, टॅबवर बटणं अवाढव्य होतील. शिवाय तुमच्या वडिलांनी सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलेलं असेल तर सगळं पुन्हा मोडेल, आणि शेतकऱ्यांच्या अ‍ॅपमध्ये तर हे गृहीतच धरायला हवं.

कोड उघडून बघा. बहुतेक सगळीकडे स्टॅक (गोष्टी एकावर एक ठेवणारा) आणि पोझिशन्ड (ठरावीक आकड्यावर बसवणारा) दिसेल: डावीकडून 24, वरून 312. म्हणजे डिझायनरने ऑटो लेआउट (गोष्टी एकमेकांशेजारी आपोआप मांडणारी फिग्माची सोय) वापरलेलं नाही. प्लगइनला फक्त जागा कळल्या, कोण कोणाच्या शेजारी हे कळलंच नाही. ऑटो लेआउट फिग्मात 2019 पासून आहे. ते लावलं की दिशा, अंतर, पॅडिंग (कडेची मोकळी जागा) फाइलमध्येच येतं आणि त्याचे फ्लटरमध्ये रो (आडवी रांग), कॉलम (उभी रांग), पॅडिंग सरळ होतात. 'फिल कंटेनर' (उरलेली जागा भरा) असेल तिथे फ्लटरचं एक्स्पांडेड. 'हग कंटेंट्स' (आतल्या मजकुराएवढंच) असेल तिथे आकडा देऊच नका. डिझायनरसोबत बसून आधी फाइल नीट करा, कोड नंतर.

वेलांट्यांचं कारण वेगळं आहे, आणि इथे प्लगइन काही मदत करत नाही. फिग्मात 16 च्या अक्षराला 18 ची लाइन हाइट (ओळीची उंची) असेल, तर फ्लटरमध्ये हाइट 1.125 येते, कारण तिथे ती अक्षराच्या आकाराची पट असते. इंग्रजीला चालून जातं. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, त्यांना तेवढी जागा पुरत नाही. त्यात गोल कोपऱ्यांसाठी कार्डाला क्लिप असतो, तो वरचा भाग कापतो. मी मराठीला 1.5 पासून सुरुवात करते आणि 'कीर्ती', 'र्‍हस्व', 'कुंडू' असे शब्द टाकून बघते. लीडिंग डिस्ट्रिब्यूशन ईव्हन करा, म्हणजे जादा जागा वर-खाली सारखी वाटली जाते, फिग्मासारखी. मजकुराच्या डब्याला ठरावीक उंची नको, फक्त किमान उंची द्या.

आणि लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य. डिझायनर शीर्षकाला सवयीने 2 टक्के देतात. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते.

द्राक्षवेल: ताई, नोंदीची एक स्क्रीन ऑटो लेआउटने करून घेतली. वेलांट्या दिसतात! पण 'पुढच्या फवारणीची तारीख' जिथे आहे तिथे उजव्या कडेला पिवळे-काळे पट्टे आलेत. आधी हे नव्हतं.

शिरोरेषा: आधीही मावत नव्हतंच. स्टॅक बाहेर गेलेलं गुपचूप कापतो, रो मात्र डीबगमध्ये (चाचणीसाठी चालवताना) पट्टे दाखवतो. त्या टेक्स्टला एक्स्पांडेडमध्ये घाला, मजकूर दुसऱ्या ओळीवर जाईल. मग फोनचं अक्षर सगळ्यात मोठं करून तीच स्क्रीन परत बघा, आणि फोटो टाका.