सारखंच दिसणारं गाव पायथन वेगवेगळं का मोजतंय?

कृष्णाकाठची_ग्रंथपाल

नमस्कार. मी कऱ्हाडजवळच्या एका गावात सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. वाचनालय 'क' वर्गातलं, मदतीला एक अर्धवेळ कर्मचारी. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागून अडीच महिने झाले. संध्याकाळी देवघेव आटोपली की कुलूप लावण्याआधी एक तास बसते. गावात विचारायला कोणी नाही, म्हणून इथे लिहितेय.

वार्षिक अहवालासाठी गावनिहाय सभासद मोजायचे आहेत. सभासद नोंदवही आम्ही दोघींनी संगणकावर चढवली आणि सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) केली. फाइल उघडते, मराठी नीट वाचली जाते (सुरुवातीला नुसती प्रश्नचिन्हं यायची, एन्कोडिंगला, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीला, यूटीएफ-८ दिल्यावर ते थांबलं). गावाचा रकाना काउंटरमध्ये (कोणतं नाव किती वेळा आलं ते मोजणारं साधन) टाकून छापला तर वरच्या चार ओळी अशा येतात:

मलकापूर ५२
कऱ्हाड ४१
सैदापूर ३०
कर्‍हाड २३

एकच गाव दोनदा. 'कराड' आणि 'कऱ्हाड' अशी दोन्ही रूपं वहीत आहेत हे मला माहीत होतं, त्यासाठी डिक्शनरी (कोणत्या शब्दाऐवजी कोणता, अशा जोड्यांची यादी) करून सगळे 'कराड' आधीच 'कऱ्हाड' केले आहेत. त्यामुळे घोळ तिथे नाही. दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवून भिंग धरावं तसे बघितले, काना-मात्रेचाही फरक नाही. पण == (दोन्ही सारखे आहेत का, हे विचारणारं चिन्ह) लावलं की उत्तर 'फॉल्स'.

एकूण सभासद ३१२ आहेत. हाताने बेरीज करून अहवाल देता येईल, पण मला कारण समजून घ्यायचं आहे.

---

शून्यापासून_सुरू

ताई, मीही नवीनच आहे, पण हे माझ्या बाबतीत झालं होतं. शब्दाच्या शेवटी एक स्पेस राहून जाते आणि ती दिसत नाही. स्ट्रिप लावून बघा.

---

कृष्णाकाठची_ग्रंथपाल

लावलं होतं, लिहायचं राहिलं. स्ट्रिपनंतरही आकडे तेच, ४१ आणि २३.

---

खिळे_ते_कोड

ताई, तुम्ही स्क्रीनचा फोटो न टाकता त्या ओळी जशाच्या तशा चिकटवल्या, त्यामुळे काम सोपं झालं. फोटोत दोन्ही गावं एकसारखी दिसली असती आणि आम्ही सगळे अंदाज करत बसलो असतो. तुमचे दोन्ही शब्द उचलून माझ्याकडे लेन लावलं. पहिल्या कऱ्हाडची लांबी ६ येते, दुसऱ्याची ७.

मी १९८४ साली छापखान्यात खिळे जुळवायला लागलो, नंतर डीटीपी (संगणकावरची पानजुळणी) केलं, आता प्रकाशकांच्या मजकुराची साफसफाई पायथनने करतो. 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' मधला तो अर्धा र मला तेव्हापासून छळतो आहे.

संगणक गावाचं नाव आपल्यासारखं डोळ्याने वाचत नाही. त्याच्याकडे क्रमांकांची माळ असते. तुमच्या पहिल्या शब्दाची माळ: क, ऱ (युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, हे स्वतंत्र अक्षर आहे, क्रमांक ०९३१), हलन्त, ह, काना, ड. सहा मणी. दुसऱ्या शब्दाची माळ: क, साधा र (०९३०), हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह (२००डी), ह, काना, ड. सात मणी. या जोडचिन्हाचं नाव 'झीरो विड्थ जॉइनर'. रुंदी शून्य, म्हणून पडद्यावर काहीच दिसत नाही. मात्र त्याच्यामुळे र चा रफार होऊन वर न जाता तो आडवा अर्धा र उमटतो. फाँट दोन्ही माळांचं चित्र एकच काढतो, पायथन मात्र मणी मोजतं. त्याचं 'फॉल्स' बरोबरच आहे. स्ट्रिपचा उपयोग झाला नाही कारण ते फक्त दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढतं. हा मणी माळेच्या मधोमध आहे, आणि मोकळ्या जागांत त्याची गणतीही होत नाही.

माझा कयास: तुमच्यापैकी एकजण इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीवर टाइप करते (शिफ्ट धरून र ची कळ दाबली की थेट ऱ येतो) आणि दुसरी इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारं काहीतरी वापरते. बरोबर का?

आता हे करा. युनिकोडडेटा नावाचं मॉड्यूल पायथनसोबतच येतं, वेगळं बसवावं लागत नाही. ते इम्पोर्ट करा, फॉर लूपने शब्दातलं एकेक अक्षर घ्या आणि प्रत्येकाचं 'नेम' छापा. गावाच्या रकान्यातलं प्रत्येक वेगळं नाव सेटमध्ये (त्यात एक नाव एकदाच राहतं) घालून सगळ्यांवर हे चालवा. काय निघतं ते इथे टाका. उपाय त्यानंतर.

---

रात्रपाळी_डेव्हलपर

एवढं कशाला? २००डी हे चिन्ह रिप्लेसने सगळीकडून उडवा. एका ओळीत काम.

---

खिळे_ते_कोड

तसं करू नका, ताई. जोडचिन्ह उडवलं की साधा र, हलन्त आणि ह उरतात, म्हणजे 'कर्हाड', र चा रफार ह च्या डोक्यावर. तरीही ते ऱ वाल्या शब्दाशी जुळणार नाहीच, म्हणजे मोजणीही सुधारली नाही आणि नावही बिघडलं.

शिवाय तुम्ही ग्रंथपाल आहात, उद्या हेच पुस्तकांच्या नावांवर चालवाल. 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना, 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना. 'दऱ्या' डोंगरातल्या, 'दर्या' समुद्राचा. मराठीत या फरकावर अर्थ उभा आहे. जोडचिन्ह पुसायचं नाही, त्या तीन मण्यांच्या जागी योग्य दोन मणी बसवायचे.

---

रात्रपाळी_डेव्हलपर

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. माझं बहुतेक काम इंग्रजी मजकुरावर असतं, तिथे ही अदृश्य चिन्हं सरसकट काढून टाकतो. ताई, माझी सूचना सोडून द्या.

---

कृष्णाकाठची_ग्रंथपाल

कयास अगदी बरोबर. मी इनस्क्रिप्टवाली, आमची अर्धवेळ ताई इंग्रजी अक्षरांवरून टाइप करते. २३ नोंदी तिने चढवलेल्या पानांवरच्याच निघाल्या, मी वहीशी ताडून पाहिल्या.

पण नावं छापल्यावर एक नवीनच गोष्ट सापडली. कऱ्हाड दोन नाही, तीन आहेत! तिसऱ्याच्या फक्त ३ नोंदी, यादीत खाली होत्या म्हणून नजरेतून सुटल्या. त्याचीही लांबी ७ आहे, पण त्यात जोडचिन्ह नाही. तिथे 'साइन नुक्ता' असं लिहून येतंय. या ३ नोंदी कोणी कशा टाइप केल्या ते आम्हा दोघींनाही आठवत नाही.

---

खिळे_ते_कोड

छान पकडलंत. लांबी सारखी आली म्हणून तुम्ही थांबला नाहीत, मणी बघितलेत.

तो तिसरा प्रकार म्हणजे साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता, म्हणजे खालचं टिंब. युनिकोडच्या नियमाने र अधिक नुक्ता आणि एकसंध ऱ हे समान मानले जातात, म्हणून त्यावर तयार उपाय आहे. त्याच मॉड्यूलमध्ये 'नॉर्मलाइज' आहे. पहिल्या जागी अवतरणात 'एनएफसी' ही तीन रोमन अक्षरं लिहून दुसऱ्या जागी तुमचा शब्द द्या. नुक्तावाले शब्द एकसंध होतील.

जोडचिन्हवाल्या प्रकाराला मात्र नॉर्मलाइज हात लावत नाही, तो नियमात समान धरलेला नाही. त्यासाठी रिप्लेस: काय शोधायचं, तर ०९३०, ०९४डी, २००डी हे तिन्ही सलग. काय ठेवायचं, तर ०९३१ आणि ०९४डी. प्रत्येक क्रमांकाआधी बॅकस्लॅश आणि लहान यू. अक्षरं थेट टाइप करू नका, क्रमांकच लिहा. अदृश्य चिन्ह कोडमध्ये टाकलंत तर महिन्याभराने तुम्हालाच ते दिसणार नाही.

'ॲड.' असं कोणा वकिलांच्या नावाआधी असेल तर तिथेही हेच होतं. एकसंध ॲ चा क्रमांक ०९७२, आणि कुणी अ वर वेगळा चंद्र देऊन लिहितं. तेही नॉर्मलाइजने जुळत नाही, दुसरा रिप्लेस लागेल.

हे सगळं 'स्वच्छ' नावाच्या एका फंक्शनमध्ये ठेवा: आधी नॉर्मलाइज, मग दोन रिप्लेस, शेवटी स्ट्रिप. फंक्शनचं नाव देवनागरीत ठेवलं तरी पायथन ३ ला चालतं. आणि हे फंक्शन फाइल वाचतानाच लावा, तुमच्या त्या कराड-कऱ्हाड डिक्शनरीच्याही आधी. नाहीतर डिक्शनरीतल्या शब्दांनाही हाच आजार जडेल.

---

कृष्णाकाठची_ग्रंथपाल

झालं. कऱ्हाड ६७. ४१, २३ आणि ३ ची बेरीज मी कागदावरही केली. एकूण ३१२ जुळले. वकिलांची नावं दोन होती, दोन्हीकडे ॲ वेगवेगळा होता.

मग तेच फंक्शन पुस्तकांच्या यादीवर चालवलं. 'वऱ्हाड' शब्द असलेली पुस्तकं शोधली की आतापर्यंत निम्मीच यायची आणि मी वाचकांना "नाही आपल्याकडे" म्हणून परत पाठवत होते. एक आजोबा दोनदा येऊन गेले. पुस्तक कपाटातच होतं. उद्या त्यांच्या घरी मी स्वतः नेऊन देणार आहे.

अजून दोन शंका आहेत. वर्गणीचा रकाना देवनागरी आकड्यांत आहे, तो आधी इंग्रजी आकड्यांत बदलावा लागेल का? आणि सॉर्टेड (यादी क्रमाने लावणारं फंक्शन) लावल्यावर 'काळे' हे 'काशीद' आणि 'कासार' यांच्या आधी येतात. आमच्या वहीत ळ ह च्या नंतर आहे, मी शाळेत तसंच शिकले.

---

शून्यापासून_सुरू

आकड्यांचं मी आत्ता करून बघितलं. इंटला (मजकुरातून पूर्ण संख्या काढणारं फंक्शन) अवतरणात '५०' दिलं तर सरळ पन्नास मिळतात! दशांश संख्येच्या फ्लोटलाही '१२.५' चाललं. पण '५०/-' असं दिलं की व्हॅल्यूएरर येतो.

---

कृष्णाकाठची_ग्रंथपाल

आमच्याकडे सगळीकडे '५०/-' असंच आहे. म्हणजे शेवटची दोन चिन्हं काढायची आणि इंट लावायचं. हे मला जमेल.

---

खिळे_ते_कोड

ळ बद्दल तुमचं बरोबर आहे. सॉर्टेड क्रमांकांवर लावतं. युनिकोडमध्ये ल ०९३२ आणि त्याला लागूनच ळ ०९३३, श आणि स त्यानंतर. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या पुढे.

ह चा क्रमांक ०९३९. त्याच्या पुढच्या ०९३ए वर मराठीत न लागणारं एक स्वरचिन्ह आहे, आणि काना ०९३ई वर, म्हणजे त्याच्याही पुढे. सॉर्टेडच्या 'की' मध्ये एक छोटं फंक्शन द्या, जे नावातल्या ळ च्या जागी ०९३ए ठेवून परत देईल. तुलना त्या रूपावर होते, यादीतलं नाव बदलत नाही. क्ष आणि ज्ञ यानेही क आणि ज मध्येच राहतील. काही कोशांत ते शेवटी असतात, तुमच्या वहीत कुठे आहेत ते बघा आणि मग ठरवा.

---

कृष्णाकाठची_ग्रंथपाल

काळे कासारांच्या खाली आले. कळंबे मात्र काळेंच्या वरच राहिले, तेही तपासलं. वहीत 'क्षीरसागर' शेवटच्या पानावर आहेत, त्यांच्यासाठी 'की' मध्ये काय घालायचं ते आज रात्री स्वतः करून बघते. अडले तर मण्यांसकट इथे टाकीन.