किराण्याची पिशवी देतो, पण घरं उभी राहत नाहीत. चर्चमधून काय करता येईल?

समितीतली ताई

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीच्या मदत समितीत मी तीन वर्षांपासून आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की मागच्या खोलीत अकरा कुटुंबांना किराण्याची पिशवी देतो. कधी कुणाची फी, कधी वीजबिल. तीन वर्षं झाली, तीच घरं आणि तीच रांग.

मागच्या महिन्यात एका बाईंनी पिशवी घेतली, पण त्या गेल्या नाहीत, दाराला टेकून उभ्या राहिल्या. खोली रिकामी झाल्यावर हळूच म्हणाल्या, "ताई, माझं शिलाई मशीन बंद पडलंय. कुणी दुरुस्त करून दिलं तर पिशवी नको." दीड वर्ष ते मशीन चादरीखाली झाकून ठेवलंय आणि आम्ही त्यांना महिन्याच्या महिन्याला डाळ-साखर देतोय. विचारलंच नाही कुणी. मीही नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

कुणाच्या चर्चमध्ये कुटुंबं खरंच सावरली असतील तर सुरुवात कशी केली ते सांगा. पाळकसाहेब तयार आहेत, निधी बेताचा आहे, माणसं पाच-सहा.

जुनी वही

ताई, आम्ही बरोब्बर उलटं केलं होतं. समितीने आपसात ठरवून एका कुटुंबाला नवं कोरं मशीन घेतलं, प्रार्थना करून दिलं. चार महिन्यांत त्यांनी ते विकलं. घरात शिवणकाम कुणालाच येत नव्हतं आणि डोक्यावर व्याजाचे पैसे होते. चूक त्यांची नव्हती, आमची होती.

आता आमची दोन माणसं एका घराशी वर्षभर जोडलेली असतात. पहिले दोन महिने फक्त वही: किती आले, किती गेले, कुणाचं देणं आहे. लिहायचं त्या घरच्यांनी, आपण नाही. बहुतेक वह्यांत गळती सापडते ती व्याजात. मग सगळ्यात चढ्या व्याजाचं देणं आधी फेडायचं. सावकाराकडे बोलायला जाताना आपल्यातलं कुणीतरी सोबत असलं की त्याचा सूर बदलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्यानंतर बचत गट. पंधरा-वीस जण, दर आठवड्याला ठरलेली रक्कम, त्यातूनच आपसात कर्ज. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तिघांकडे, मोजणी सगळ्यांसमोर. वर्षअखेरीला ज्याचे त्याला वाटून पुन्हा सुरुवात. चर्चचा पैसा त्या पेटीत घालू नका. फुकट आलेल्या पैशाचे हप्ते थकतात, आपल्या घामाच्या पैशाचे माणूस फेडतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. आमच्याकडे एका रविवारी 'प्रार्थनेची विनंती' म्हणून एका कुटुंबाचं कर्ज सगळ्या मंडळीसमोर बोललं गेलं. हेतू चांगलाच होता. ते कुटुंब पुन्हा चर्चची पायरी चढलं नाही. वहीतलं वहीतच राहू द्या.

संध्याप्रकाश

वरचं सगळं पटलं, पण पिशवी बंद करू नका. माझ्या यादीत अंथरुणाला खिळलेल्या एक आजी आहेत. त्यांना कसलं स्वावलंबन शिकवणार? दोन याद्या करा. आणि उपासनेला न येणाऱ्यांनाही गटात घ्या. हजेरीची अट घातलीत तर लोक पोटासाठी प्रार्थना करतील, ते देवालाही नको असेल.

वाचनवेडा

जुनी वही यांनी पेटीबद्दल म्हटलंय तेच जर्मनीत राइफायझन यांच्या अनुभवाला आलं होतं. हे श्रद्धाळू प्रोटेस्टंट गृहस्थ गावचे प्रमुख होते. १८४६-४७ च्या उपासमारीत त्यांनी श्रीमंतांच्या पैशातून गरिबांना भाकरी मिळवून दिली. पुढच्या संस्थाही दात्यांच्या भरवशावरच चालल्या, पण दात्यांचा उत्साह ओसरत गेला. १८६४ मध्ये हेडेसडॉर्फला त्यांनी पद्धतच बदलली: कर्ज हवं तर सभासद व्हा, जबाबदारी सगळ्यांची. आजच्या सहकारी पतसंस्थांची एक मोठी परंपरा तिथूनच आली. स्पेनमध्ये मोंद्रागोनला फादर आरिझमेंदियारिएता १९४१ ला आले. त्यांनी १९४३ मध्ये तंत्रशाळा काढली, आणि तिथल्या पाच विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये कामगारांच्याच मालकीचा कारखाना उभा केला. मधली तेरा वर्षं पाहा. आपण मात्र सहा महिन्यांत अहवाल मागतो.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या मुलींना नुसता आसरा दिला नाही. विणकाम, छपाई, तेलघाणा, अशी कामंही हाताला लावली.

समितीतली ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मंडळीतल्या एका मेकॅनिक काकांना घेऊन त्या बाईंकडे गेले. पट्टा तुटला होता आणि बॉबिन केस गंजली होती, बस. काकांनी तेल घातलं, नवा पट्टा चढवला आणि चाक हाताने फिरवून बघितलं. बाईंनी कापडाचा तुकडा सुईखाली सरकवला, एक सरळ टीप मारली, आणि तो तुकडा कितीतरी वेळ हातात धरून बसल्या. निघताना मी कोरी वही दिली. त्यांनी पहिल्या पानावर पट्ट्याची किंमत लिहिली आणि पुढे 'ताईंचे देणे' असं लिहिलं. मी खोडायला सांगणार होते, पण थांबले.