इग्वाना आजारी वाटतोय, डॉक्टर सुचवा (मालवण)

मंडळी, मदत हवी आहे. भाचा दुबईला नोकरीला गेला तेव्हापासून त्याचा हिरवा इग्वाना (मोठ्या सरड्यासारखा प्राणी) आमच्याकडे आहे, सगळ्यांचा लाडका. जास्वंदीची पानंफुलं, शेवग्याचा पाला आवडीने खातो, पालक आम्ही देत नाही कारण त्याने कॅल्शियम अंगाला लागत नाही. पण पाऊस लागल्यापासून ऊन नाही, त्यात लाईट सारखी जाते आणि आता त्याचे मागचे पाय थरथरतायत, जबडा पण मऊ लागतोय. यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) कमी पडला की हाडं अशी होतात म्हणे, आणि त्यासाठी लावलेली ट्यूब पेटत असली तरी ६ ते १२ महिन्यांत तिचा यूव्हीबी उतरतो, म्हणून नवीन मागवलीय.

इथले गुरांचे डॉक्टर खूप चांगले आहेत पण हा प्राणी कधी हाताळला नाही म्हणाले. कणकवली, कोल्हापूर किंवा गोव्यात सरपटणारे प्राणी बघणारं कोणी माहितीय का? घाटातून एवढ्या लांब न्यायचं तर गाडीत ऊब कशी ठेवायची? घरी लाईट गेल्यावर तुम्ही काय करता, इन्व्हर्टरवर हीट बल्ब चालतो का?

अजून एक, विदेशी प्राणी पाळण्याच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर याची नोंदणी भाच्याच्या नावावर आहे, ती कोणी आपल्या नावावर करून घेतली असेल तर प्रोसेस सांगा. पण आधी डॉक्टरांचं सांगा प्लीज, ते अर्जंट आहे.