शब्दचर्चा: आडवाटेचं लाउंज, जूक जॉइंट आणि तिथलं ब्लूज

प्रश्न:

अमेरिकेतल्या मिसिसिपी डेल्टात, म्हणजे ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या मुलखात, केलेल्या प्रवासावर लेख लिहिते आहे. तिथल्या क्लार्क्सडेल गावात एका रात्री ऐकलेल्या गाण्याबद्दलचं वाक्य सध्या असं आहे: 'आडवाटेच्या एका लाउंजचा मला शोध लागला आणि तिथे जिवंत ब्लूज ऐकायला मिळाला.' यातले 'लाउंज', 'शोध लागला' आणि 'जिवंत' हे तिन्ही शब्द मला खटकतात. शिवाय ब्लूज मिळाला, मिळालं की मिळाले? तुम्ही कसं लिहाल?

प्रतिसाद:

लाउंजपासून सुरुवात करतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. मराठी वाचकाला लाउंज म्हटलं की विमानतळ आठवतो किंवा मोठ्या हॉटेलातला गुबगुबीत सोफा. डेल्टात हा शब्द भलत्याच जागांच्या पाटीवर असतो. क्लार्क्सडेलचं 'रेड्ज लाउंज' सनफ्लॉवर नदीच्या काठावर आहे. खोली साधी, उजेड लाल दिव्यांचा, आणि उंच मंच नाहीच. वादक जमिनीवरच्या गालिच्यावर बसतात, ऐकणाऱ्यांच्या अगदी गुडघ्यांपाशी. मेरिगोल्ड गावाबाहेरचं 'पो मंकीज लाउंज' तर कापसाच्या शेतातली लाकडापत्र्याची खोपटी होती. विली सीबेरी यांनी १९६०च्या दशकात तिथे लोकांना जमवायला सुरुवात केली. ते स्वतः राहायचेही तिथेच. २०१६ मध्ये ते गेले आणि ती जागा बंद झाली. म्हणून 'लाउंज' हा शब्द नावातच ठेवा. जागेचं वर्णन करताना दुसरा शब्द लागेल.

तो दुसरा शब्द तिथल्या लोकांकडे आहे: जूक जॉइंट. 'जूक' गल्ला बोलीतून आला असं मानतात. ही जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या कृष्णवर्णीयांची बोली. तिच्यात या शब्दाला बेशिस्त, धुडगूस असा अर्थ आहे आणि त्याचं मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांत असावं. ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणारं यंत्र, त्यातला 'ज्यूक' तो हाच. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माणसांना पिण्याची, नाचण्याची, जुगाराची आणि गाण्याची ही स्वतःची जागा होती. गोऱ्यांच्या करमणुकीच्या जागांची दारं त्यांना बंदच होती. कृष्णवर्णीय लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी १९३४ सालच्या निबंधात जूकला संगीताच्या दृष्टीने अमेरिकेतली सर्वांत महत्त्वाची जागा म्हटलं आहे. मला ते मनापासून पटतं.

मराठीत 'गुत्ता' म्हणाल तर फक्त दारू उरते, वर तुच्छताही येते. 'फड' म्हटलं की तमाशा डोळ्यांसमोर येतो, आणि फड गावोगाव फिरतो, जूक एका जागी असतो. 'मैफल' फारच नीटनेटकी. माझं मत 'अड्डा'ला. तिथे माणसं रोज येतात, एकमेकांना ओळखतात, हे त्या शब्दात आहे. पहिल्यांदा 'जूक जॉइंट' लिहून एका वाक्यात समजावा, पुढे खुशाल अड्डा म्हणा.

प्रतिसाद:

अड्डा मलाही पटला. 'शोध लागला' मात्र काढाच. शोध न सापडलेल्या गोष्टीचा लागतो, आणि हे अड्डे तिथल्या लोकांना कायमच ठाऊक आहेत. तुम्हाला तो गवसला. 'गवसणे'मध्ये नशिबाचा भाग येतो आणि मालकीचा दावा येत नाही. 'आडवाटेचा' हा शब्दही तपासून पाहा. मेरिगोल्डची खोपटी खरोखर आडवाटेला होती, शेतातल्या कच्च्या रस्त्यावर. क्लार्क्सडेलमधला अड्डा गावातच आहे, त्याला 'आडबाजूचा' म्हणावं. 'दडलेला' तर अजिबात नको, तो कुणापासून लपलेला नाही.

प्रतिसाद:

'जिवंत'ऐवजी साधं 'समोर बसून ऐकलं'. बोलताना आपण 'लाइव्ह ऐकलं' म्हणतो, तेही लेखात चालेल. पण जूक म्हणजे समोर वाजणारं ब्लूज असं समीकरण मांडू नका. पो मंकीजमध्ये शेवटच्या वर्षांत बहुतेक वेळा डीजेच गाणी लावायचा. तुम्ही गेलात त्या अड्ड्यात कुणी गिटार घेऊन बसलं असेल तर ते वेगळं सांगावं लागेल.

आता लिंग-वचन. इंग्रजीत शेवटी बहुवचनाचा 'ज' दिसतो, म्हणून काही जण 'ब्लूज ऐकले' लिहितात. मी 'ब्लूज ऐकलं' म्हणते, मनात 'संगीत' धरून नपुंसकलिंगी एकवचन. 'ब्लूज' म्हणजे फक्त उदास गाणी, असं मात्र कुठेही लिहू नका. नाव मनाच्या खिन्नतेसाठी इंग्रजीत वापरल्या जाणाऱ्या 'ब्लू डेव्हिल्स'वरून आलं हे खरं. पण जूकमध्ये लोक याच गाण्यांवर नाचत. त्यांत चावटपणा आहे, टोमणे आहेत, उधारी आणि रेल्वेगाड्या आहेत.

मूळ प्रश्नकर्ती:

फार मदत झाली. वाक्य आता असं केलं: 'गावाच्या आडबाजूला एक जूक जॉइंट गवसला आणि तिथे समोर बसून ब्लूज ऐकलं.' आणखी एक विचारते. तिथल्या एकाने 'ट्वेल्व्ह बार', म्हणजे ब्लूजच्या गाण्याचा नेहमीचा साचा, समजावून सांगितलं. त्याला 'बारा मात्रांचं' म्हणू का?

प्रतिसाद:

नको, आकडा चुकेल. बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड. इथे एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे बारा बारचं पूर्ण आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचं. 'बार' तसाच ठेवा, 'आवर्तन' मात्र मराठीच वापरा, ते इथे चपखल आहे. गाण्याची एक ओळ साधारण चार बार घेते. त्यातल्या सुरुवातीच्या भागात गायक शब्द म्हणतो आणि उरलेल्या जागेत गिटार त्याला उत्तर देते. मग तीच ओळ पुन्हा येते. तिच्याखालचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, आता बदललेला असतो, त्यामुळे तेच शब्द वेगळे लागतात. तिसरी ओळ पहिल्या दोन्हींना उत्तर देते. या सवाल-जवाबाबद्दल दोन वाक्यं जरूर लिहा. शेवटच्या दोन बारांना वादक 'टर्नअराउंड' म्हणतात, तिथून गाणं पुन्हा पहिल्या बारवर येतं. आपला ऐकणारा समेची वाट बघतो तशी तिथला ऐकणारा त्या वळणाची वाट बघतो, आणि दाद बऱ्याचदा तिथेच पडते. लेखात याला 'परतीचं वळण' म्हणता येईल.