आबांचाच पंचनामा, आबांनाच 'त्रयस्थ' म्हणून नाकारला! माहिती अधिकारातलं पहिलं अपील कसं लिहू?

नमस्कार मंडळी,

जळगाव जिल्ह्यात तापीकाठी आमचं गाव आहे. जूनच्या वादळात आबांची मृगबाग (मृग नक्षत्रात लावलेली केळी) आडवी झाली. घड भरलेले होते, कापणी तोंडावर आली होती. सातबाऱ्यावर आणि ई-पीक पाहणीत केळी १ हेक्टर २० आर लागलेली आहे, मदत मात्र ४० आरची जमा झाली.

तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनाम्याला आले तेव्हा मी बांधावरच होते. क्षेत्राचा आकडा पेन्सिलीनं लिहिला आणि "ऑफिसात पक्कं करतो" म्हणाले. पक्कं काय केलं, ते आम्हाला बघायचंय.

म्हणून आबांच्याच नावानं तहसीलला माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. जोडपत्र 'अ' हा अर्जाचा नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, १५० शब्दांच्या आत. मागितलं एवढंच: आमच्या गटाच्या पंचनाम्याची नक्कल आणि गावातल्या बाधितांची यादी, त्यात गट नंबर, मान्य क्षेत्र व रक्कम.

३० दिवसांची मुदत उलटल्यावर दोन ओळींचं पत्र आलं. माहिती त्रयस्थ पक्षाची व वैयक्तिक आहे, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) प्रमाणे देता येत नाही. अपील कुणाकडे करायचं, किती दिवसांत, याचा उल्लेखच नाही.

आबांचा स्वतःचा पंचनामा आबांनाच त्रयस्थ कसा होतो? यादी मला कुणाच्या वाकड्यात शिरायला नकोय. क्षेत्र फक्त आमचंच कापलं की सगळ्या गावाचं, हे त्याशिवाय कळणार नाही. सगळ्यांचं असेल तर ग्रामसभेत एकत्र मांडता येईल. आबा म्हणतात, जाऊ दे, उद्या पुन्हा त्यांच्याच दारात जायचंय. मला सोडवत नाही. अपिलात नेमकं काय लिहू?

प्रतिसाद १

ताई, आधी तारीख बघा. पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील गेलं पाहिजे. अपिलाचा नमुना जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प. नायब तहसीलदार माहिती अधिकारी असतील तर अपील बहुधा तहसीलदारांकडे जाईल, कार्यालयातल्या फलकावर नाव बघून घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पंचनामा आणि यादी हे दोन मुद्दे वेगळे लिहा. पंचनामा अर्जदाराचाच आहे, तिथे त्रयस्थ पक्ष येतोच कुठे? यादीसाठी कलम ४(१)(ख) वाचा. अनुदान कार्यक्रमांच्या लाभार्थींचा तपशील कार्यालयानं आपणहून जाहीर करायचा असतो, अर्जाची वाटही बघायची नसते. आधार, खाते नंबर झाकून बाकीचं द्या, असं कलम १० खाली मागा. नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे त्यांची आहे, तुमची नाही. आणि मुदत टळल्यावर माहिती फुकट द्यावी लागते, कलम ७(६). पानाला २ रुपये मागितले तर हे दाखवा.

प्रतिसाद २

वरच्या दादांना एक जोड. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं ८(१)(ञ) बदललंय, त्यातली जनहिताची सवलत गेली. त्यामुळे अपिलात कलम ८(२) आवर्जून घाला, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते हे तिथे अजून आहे. शिवाय मदतवाटपाच्या शासन निर्णयात लाभार्थी यादी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाका असं सहसा लिहिलेलं असतं. तुमच्या वादळाचा शासन निर्णय काढून अपिलाला जोडा.

४५ दिवसांत निकाल नाही लागला तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं अपील. तिथे नंबर लागायला वेळ जातो, म्हणून पहिल्याच अपिलाच्या सुनावणीला सातबारा आणि ई-पीक पाहणीची प्रिंट घेऊन स्वतः जा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. शासन निर्णय सापडला, यादी प्रसिद्ध करायचं त्यात खरंच लिहिलंय. एकच विचारते: सुनावणीला आबांऐवजी मी गेले तर त्यांचं साधं अधिकारपत्र चालेल का?